फ्रीजच्या वहीतला तो आठवडा

बाबा,

तुमच्या फ्रीजच्या वहीतल्या एका आठवड्यावर मी शाळेत असल्यापासून संशय घेत आले आहे. हे वाचून तुम्हाला राग येईल, पण नवल वाटायचं कारण नाही, कारण संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत. औषधांचं खोकं आलं की त्याची चिकटपट्टी कुणी आधी उघडून परत लावली आहे का, ते तुम्ही नखाने खरवडून बघायचात. जीपवाला 'हे काय, निघालोच' म्हणाला की बॉनेटवर हात ठेवून इंजिन गरम आहे का बघायचात. आईने ताकात पाणी घातलं नाही म्हणून शपथ घेतली तरी वाटी कलती करून बघायचात, आणि आई म्हणायची, "या माणसाने लग्नाआधी माझे दातसुद्धा मोजले असतील." सगळं आरोग्य केंद्र तुम्हाला कंपाउंडरसाहेब म्हणायचं, आणि पाठीमागे काय म्हणायचं तेही तुम्हाला ठाऊक होतं. त्याचा तुम्हाला थोडा अभिमानच होता, अशी मला शंका आहे.

वही आता माझ्यापुढे आहे. केंद्रातल्या जुन्या वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा तुम्ही ही एकच घरी आणलीत. का आणलीत ते कुणाला सांगितलं नाहीत, आणि आईने ती पोशेऱ्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत तळाशी अंथरली. तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही, शेरा, असे पाच रकाने. लशींच्या फ्रीजमध्ये किती अंश तापमान आहे ते दिवसातून दोनदा बघायचं आणि लिहायचं. इतर सगळ्या पानांवर आकडे वरखाली होतात. तीन, सहा, पाच, चार, एकदा तर आठ, आणि त्या आठाभोवती तुम्ही लाल शाईने गोल काढला आहे. मग श्रावणातला तो आठवडा येतो. दोन, दोन, दोन, दोन. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, सातही दिवस, एकाच पेनने, एकाच वळणात, आणि शेऱ्याचा रकाना मोकळा. त्या आठवड्यात घाटात दरड आली होती, खांब पडले होते आणि मोखाड्याकडची वीज गेलेली होती. फ्रीज बंद होता. मी त्याच्या पत्र्याला कान लावून बघितलं होतं.

त्या वहीत खोटं लिहायचं नाही, हे मला शिकवलं होतंत ते विसरला नसाल. मी पाचवीत होते. शाळा सुटली की मी केंद्रात येऊन औषधांच्या खोलीत अभ्यास करायची, आणि बक्षीस म्हणून तुम्ही मला फ्रीजचं झाकण उघडून थर्मामीटरचा काटा वाचू द्यायचात. एकदा मला खेळायला जायची घाई होती. सकाळी पाच होते, म्हणून मी न बघताच पाच लिहिले. तुम्ही झाकण उघडलंत, काटा बघितलात, आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, "किती?" मी म्हटलं, "पाच." काटा खरोखरच पाचावर होता. तरी तुम्ही मला कानाला धरून वहीपुढे उभं केलंत आणि तो आकडा खोडायला लावलात. मी रडत म्हणाले, "पण बरोबर आहे ना!" तुम्ही म्हणालात, "बरोबर आलं, पण तू बघितलं नव्हतंस. बघितलं नसेल तर रकाना मोकळा सोडायचा. मोकळा रकाना खोटं बोलत नाही." त्याच संध्याकाळी तुम्ही मला एक जुनी काचेची सिरिंज दिलीत, सुई काढलेली, टोक जरा तुटलेली. तिने पाणी कसं ओढायचं ते शिकवलंत. सावकाश, दट्ट्या जराही न हिसकता, आणि आत एक बुडबुडा दिसला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. मी केंद्राच्या हौदावर बसून तासन्‌तास पाणी ओढत बसायची. शिक्षा आणि सिरिंज एकाच दिवशी मिळाल्या, त्यामुळे दोन्ही पक्क्या लक्षात राहिल्या.

म्हणूनच त्या श्रावणात मी वही उघडते आणि सगळीकडे दोनच दिसतात, तेव्हा मी काटा बघायला फ्रीजकडे जाते. फ्रीजला कुलूप आहे. तुम्ही सकाळीच कुठेतरी निघून जाता आणि दिवस मावळता मावळता परत येता, चिखलाने भरलेले. आईला सांगता की जव्हारला काम होतं. डॉक्टरसाहेब रजेवर, केंद्रात फक्त नर्सबाई. एका संध्याकाळी तुमच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर केशरी ओघळ होते, खांद्यापासून कमरेपर्यंत. आई दगडावर तो सदरा घासताना मोठ्याने बोलत होती, तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच: "जव्हारला काय धुळवड होती का? इथे लोकांकडे दिवा नाही आणि साहेब रंगून आलेत." तुम्ही म्हणालात, "पडलो." चिखलात पडलेल्या माणसाला केशरी डाग कसे पडतात, ते आईनेही विचारलं नाही आणि मीही नाही. मी मनातल्या मनात ठरवलं की तुम्ही जव्हारला जाऊन बसता, कुठे बसता ते देव जाणे, आणि वहीत न बघता दोन लिहिता.

आठवड्याच्या शेवटी पोशेऱ्याच्या शाळेच्या पडवीत लसीकरण झालं. आत्याची धाकटी नऊ महिन्यांची होती. तिला मीच कडेवर घेऊन गेले होते. नर्सबाईंनी गोवराची लस टोचली तेव्हा ती आधी रडलीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम भोकाड पसरलं. पुढच्या शिमग्याच्या सुमाराला पाड्यावर गोवर आला. आत्याची पोर मुळात अशक्त होती, त्यात ताप, मग छाती भरली. जव्हारच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही. लस टोचलेली पोर गोवराने गेली, हे पाड्यावर कुणाला समजेना. तुम्हालाही समजलं नाही, हे मी बघत होते. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

दिवस घातल्यावर आत्या केंद्रात आली. सकाळची वेळ, ओटीवर पेशंट बसलेले, तुम्ही खिडकीतून गोळ्या देत होतात. ती खिडकीपुढे उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलली, "तुझा फ्रीज बंद व्हता. सात दिस बंद व्हता. त्यातलं पानी माझ्या पोरीला टोचलंस आन्‌ वहीत बरोबर हाय म्हून लिवलंस." तुमच्या हातातली गोळ्यांची पुडी तशीच राहिली. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हो म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "सांगनाऱ्यानं सांगितलं," आणि निघून गेली. त्या दिवसापासून तुमच्या सख्ख्या बहिणीने तुमच्या घरचं पाणी घेतलं नाही.

वीज गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण वहीत काय लिहिलं ते तुमच्याशिवाय नर्सबाईंनाच ठाऊक, असं तुमचं म्हणणं. मग तुम्ही त्यांच्याशी बोलणं सोडलंत. आधी त्या दुपारी स्टोव्हवर चहा करायच्या आणि तुमचा कप न विचारता टेबलावर आणून ठेवायच्या. तो कप तुम्ही तसाच गार होऊ द्यायला लागलात. काही लागलं तर चिठ्ठी लिहून शिपायाबरोबर शेजारच्या खोलीत पाठवायचात. पुढे काही वर्षांनी तुम्हाला कावीळ झाली, ती वाढत गेली आणि त्यातच तुम्ही गेलात. आत्या आली होती. ती अंगणाच्या कुडाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. नर्सबाई आत आल्या आणि आईजवळ बसल्या. मला त्या दोघींपैकी कुणाकडेच बघवत नव्हतं.

आता माझ्या कामाचं सांगते, म्हणजे मी आज हे का लिहीत बसले आहे ते कळेल. माझं काम ऐकून तुम्ही हसला असतात. मी समुद्राचं पाणी तपासते, तेही अंटार्क्टिकाजवळचं, तळाचं. तिथे हिवाळ्यात समुद्र गोठतो. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो, त्यामुळे खालचं पाणी आणखी खारट, आणखी जड होतं आणि उतारावरून तळाला जातं. मग ते तळातळाने उत्तरेकडे सरकत राहतं, आपल्या हिंदी महासागरापर्यंत येतं. अंधारात, कुणाला न दिसता, फार वर्षं. आम्हाला शोधायचं असतं की हे पाणी वरून कधी निघालं. पाण्यावर तारीख नसते, म्हणून त्यात विरघळलेली एखादी वस्तू साक्षीदार म्हणून धरायची. आमचा साक्षीदार कोण, सांगू? तुमच्या फ्रीजमधला गॅस. आता त्यावर बंदी आली आहे, पण तेव्हा सगळ्या फ्रीजांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत तोच होता. माणसाने बनवण्याआधी तो जगात कुठेच नव्हता. तो कशाशी मिसळून बदलत नाही, कुजत नाही, समुद्रातले जीव त्याला खात नाहीत. कोणत्या वर्षी हवेत तो किती होता ते ठाऊक आहे. पाणी बुडी मारताना त्या वर्षीची हवा सोबत घेऊन जातं. तळातून काढलेल्या पाण्यात तो गॅस किती सापडतो ते मोजलं की पाण्याने आभाळ शेवटचं कधी बघितलं त्याचा अंदाज येतो.

वीज परत आली तेव्हा एकदम जोरात आली होती आणि आपल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर जळला होता, आठवतंय? नाशिकहून मेकॅनिक आला. त्याने अंगणात फ्रीज आडवा पाडून नळी कापली तेव्हा फुस्स झालं आणि तुम्ही माझ्या नाकावर तुमचा रुमाल दाबलात. गॅसला वासच नव्हता. मी रुमालातून तुमच्या डेटॉलचा वास घेत उभी होते. तो गॅस मोखाड्याच्या डोंगरावरून वर गेला आणि सगळीकडे पसरला. त्याचा एखादा कण माझ्या सिरिंजमध्ये आला असेल, असं मी जहाजावर पहिल्या दिवशी मनात म्हणून गेले. लगेच स्वतःवरच शंका घेतली, कारण असलं काही सिद्ध करता येत नाही.

हो, सिरिंज. काचेची, दट्ट्याची, अगदी तीच. तारेला बांधलेली बाटल्यांची चौकट तळापर्यंत सोडतात, वेगवेगळ्या खोलीवर बाटल्या बंद करतात आणि वर ओढतात. चौकट डेकवर आली की पाण्याला सगळ्यांआधी माझा हात, कारण इथल्या हवेत तो गॅस आहेच, आणि हवेचा एक बुडबुडा लागला की तळाच्या पाण्याची साक्ष फुकट. बोटं बधिर होतात. सगळे मागे रांगेत उभे असतात, आणि मी सावकाश ओढते, बुडबुडा दिसला की सोडते, पुन्हा ओढते. ज्यांना थंडीत ताटकळत उभं राहावं लागतं ते माझ्याबद्दल काय बोलतात ते मला कळतं. फवाऱ्यात आता तो गॅस नसतो, तरी प्रयोगशाळेत कुणी अंगावर फवारा मारून आलं तर मी वास घेऊन बाहेर काढते. तुमचीच मुलगी.

या मागच्या सफरीत एका ठिकाणी तळाच्या पाण्यात गॅस फार जास्त निघाला. इतक्या खोलवर इतका असायला नको होता. सफरीचे प्रमुख खूश झाले, म्हणाले की ताजं पाणी नव्या वाटेने खाली येतंय. मला मात्र पहिल्याच मिनिटाला वाटलं, जहाजावरच कुठेतरी गळतंय. जहाजाच्या स्वयंपाकघरात मांस-मासळी ठेवायची एक जुनी शीतखोली होती, तिच्यात जुनाच गॅस होता. मी सरळ तिथल्या मेकॅनिककडे गेले. रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. मी विचारलं, "काल शीतखोली उघडली होती का? गॅस भरलात का?" ते म्हणाले, "नाही हो मॅडम. बंदर सोडल्यापासून मी त्या नळीला हातसुद्धा लावलेला नाही." मी त्यांची नोंदवही मागितली. वही नीटनेटकी होती, रोज तोच दाब, तोच आकडा, एकाच वळणात. बाबा, मला जे दिसलं ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, "रोज एकच आकडा? तुम्ही बघून लिहिता की नुसतंच लिहिता?" त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "मॅडम, यंत्र नीट चालत असेल तर आकडा कशाला हलेल?" मी ते उत्तर लबाडीचं समजले. अहवालात लिहिलं की शीतखोलीतून गळती झाली असावी, आणि त्या जागेच्या सगळ्या नमुन्यांवर 'खराब' अशी खूण केली. त्यांना कप्तानापुढे उभं राहावं लागलं.

चार दिवसांनी पुढच्या ठिकाणी तळाला तसाच जास्त गॅस निघाला. आता मी हवा तपासली, स्वयंपाकघराची, डेकची, प्रयोगशाळेची. सगळीकडे स्वच्छ. मग बाकीच्यांनी मोजलेला ऑक्सिजन बघितला, तोही तळाला भरपूर होता, आणि पाणी नेहमीपेक्षा थंड होतं. तीन वेगळ्या माणसांनी वेगळ्या उपकरणांवर मोजलेल्या तीन गोष्टी एकच सांगत होत्या. पाणी खरंच ताजं होतं. साक्षीदार खरा होता, मेकॅनिकही खरे होते आणि मी मात्र खोटी ठरले होते. मी संगणकात जाऊन 'खराब'च्या जागी 'चांगला' केलं. मेकॅनिकची माफी मागायला खाली गेले, जिन्यावरून त्यांना पोळी खाताना बघितलं, आणि परत वर आले. कशी मागायची ते कळलं नाही.

त्या जिन्यावर मला तुमची वही आठवली. रोज एकच आकडा. मी ती कधी दुसऱ्या कशाशी ताडून बघितली होती? फ्रीज बंद, आकडा दोन, म्हणजे तुम्ही खोटे. मी शाळेत असताना तुमच्यावर 'खराब' अशी खूण केली आणि पुन्हा उघडून बघितलं नाही.

सुट्टीवर आले आणि नर्सबाईंकडे गेले. त्या आता निवृत्त होऊन दाभोशाला राहतात. जव्हारहून जीप मिळाली, ती भरेपर्यंत तासभर बसवून ठेवलं, तेव्हा मीही बॉनेटवर हात ठेवून बघितला. नर्सबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. केस पांढरे झालेत, आवाज तोच. मी इकडचं तिकडचं बोलले नाही. वही पिशवीतून काढली, पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "हे आकडे कुठून आले?" मुद्दाम एवढंच विचारलं. आपण सुचवलं की माणूस तेच सांगतो, म्हणून.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पान बघितलं. "ह्ये तर पेटीचं हाय," त्या म्हणाल्या.

"कसली पेटी?"

"लशीची पेटी, निळी. तुझ्या बापाचा त्या फ्रीजवर विश्वासच नव्हता. खांब पडलं कळल्याबरोबर त्यानं समदी लस काढून पेटीत घातली आन्‌ बाळंतिणीच्या खोलीत ठेवली. गार खोली, कुलूप लावून. रोज जव्हारला जायचा बर्फ आनाया. तिथं लाइट व्हती. दरडीपर्यंत जीप, मग पायी दरड वलांडून पल्याडची जीप. येताना गोनपाटात बर्फ, पाठीवर."

"बर्फ कुठला?"

"कांडीच्या कारखान्यातला. पोरं खातात ती रंगाची कांडी. एका दिवशी साधा बर्फ संपलेला, तर कारखानेवाल्यानं कांडीचाच दिला. वाटंत वितळला. तुझ्या बापाचा सदरा मागून समदा केशरी. मी हसले तर माझ्यावरच वसकला." आणि बाई आत्ताही हसल्या.

मी त्यांना केशरी डागाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, बाबा. आईनेही कधी सांगितलं नसणार, कारण तो डाग तिच्या लेखी लाजेचा होता. त्या दोन साक्षी आपापल्या वाटेने येऊन एकाच जागी भेटल्या. तरीही मी विचारलं, "मग वहीत तसं का नाही लिहिलं?" माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी सूप खाली ठेवलं. "कुठं लिवनार? वहीत फ्रीजचा रकाना हाय, पेटीचा हाय का? थर्मामीटर पेटीत ठेवलेला, लशीच्या मधी, तोच आकडा लिवायचा. कांडीचा बर्फ घातला म्हून कळलं असतं तर जिल्ह्याच्या साहेबांनी समदी लस फेकाया लावली असती. कॅम्प रद्द. कामाची जागा सोडून रोज जव्हारला गेला म्हून मेमो वेगळा."

तिथे त्या अंगणात बसून मला जे समजलं ते मला आधीच समजायला हवं होतं. थर्मामीटर बरोबर आहे का हे तपासायला आम्ही वितळत्या बर्फाचं पाणी वापरतो, कारण बर्फ संपेपर्यंत त्याचं तापमान हलत नाही. चालता फ्रीज वरखाली होतो. बर्फाच्या पेटीत लशींच्या मधोमध ठेवलेला काटा शून्याच्या जरा वर, जागच्या जागी राहतो. खोटं लिहिणाऱ्याने चार लिहिले असते, पाच लिहिले असते, कधीमधी सहा, खरं वाटावं म्हणून. दोन, दोन, दोन फक्त बघून लिहिणारा लिहितो. ज्या गोष्टीवरून मी तुम्हाला इतकी वर्षं खोटं धरलं, तीच तुमच्या खरेपणाचा पुरावा होती. मला फार रडू आलं, आणि नर्सबाईंनी मला रडू दिलं.

मग मी विचारलं, "आत्याला का नाही सांगितलं त्यांनी? एवढं बोलली ती."

"त्यालाच खातरी नव्हती गं बाय," त्या म्हणाल्या. "बर्फ घातला खरा, पन दरड वलांडून, चढून-उतरून. एकदा उशीर झालेला. ती पोर गेली तवापासून तो मला विचारायचा, पेटीत बर्फ संपूर्ण वितळला तर नव्हता ना? मी म्हनायची, नाय. पन त्याचा कुनावर विश्वास? मग मला विचारनंही बंद केलं. बोलनंच बंद केलं." त्या उठल्या, चहा टाकायला आत गेल्या, आणि चुलीपुढून पाठमोऱ्या म्हणाल्या, "त्याला वाटलं मी तुझ्या आत्याला सांगितलं. मी नव्हतं सांगितलं. कोनी सांगितलं ते मला तवाच कळलेलं." मी वही मिटून पिशवीत घातली. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला, न विचारता, साखर जास्त घालून.

पोर का गेली ते मला अजूनही माहीत नाही. चांगली लस एखाद्या अंगाला लागत नाही, पोर अशक्त होती, आणि बर्फाच्या उशीर झालेल्या त्या एका दिवसाबद्दल तुम्हाला जितकी खात्री नव्हती तितकीच मलाही नाही. तो रकाना मी मोकळा सोडते. पण दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याला जाऊन आत्याला सगळं सांगितलं, दरड, गोणपाट, केशरी पाठ. ती ओट्यावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पाठीवर आनला बर्फ? त्याची तर पाठ लहानपनापासनं दुखायची." आणि पदराने तोंड झाकून बसली. मग पदर खाली घेऊन म्हणाली, "त्यानं मला तीनदा इचारलं, कोनी सांगितलं. एकदा तर पाया पडला. मी नाव घेतलं नाय. तू शाळंत जात व्हतीस. बापाच्या मनातून उतरली असतीस."

तर ते असं आहे, बाबा. दिवस घालायच्या आदल्या दिवशी आत्या चुलीपुढे बसून एकटीच म्हणत होती, लस दिली होती, मग कशी गेली, लस दिली होती, मग कशी गेली. माझ्या कडेवर बसून टोचून घेतलेली पोर. मला ते ऐकवेना, आणि मी सांगून टाकलं की फ्रीज बंद होता आणि बाबांनी वहीत न बघता लिहिलं. न बघता, असं म्हणाले. बघितलं मीच नव्हतं.

हे तुमच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला, नर्सबाईंना, मला वाटतं आईलाही. आता हे कागद मी वहीत, त्याच आठवड्याच्या पानात ठेवते आहे आणि वही परत पेटीत. पाठवायचं तर कुठे पाठवणार. रत्नागिरीच्या त्या मेकॅनिकना मात्र उद्या पत्र टाकणार आहे, त्यांचा पत्ता जहाजाच्या कार्यालयाकडून मिळवला आहे.

एकच राहिलं. शेवटच्या आजारपणात तुम्ही पिवळे पडून खाटेवर होतात, आणि नर्सबाई तुमच्यासाठी पेज घेऊन आल्या होत्या. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. त्या गेल्यावर मला म्हणालात, "आत्याला सांगणारी हीच असेल ना गं? मला कधीकधी वाटतं, नसेल." तुम्हाला शंका आली होती, बाबा, तुमच्याच संशयावर. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी पेजेचं पातेलं उचललं आणि म्हटलं, "तीच. दुसरं कोण असणार?"